खानोलकरांचे कोडे आणि टी-पेशीची खूण

एकाच घरात वाढलेल्या दोन भावांपैकी एकाला कुष्ठरोग होतो, दुसऱ्याला होत नाही. ज्यांना होतो त्यांच्यातही फरक असतो. कुणाच्या अंगावर एखादाच बधिर चट्टा उठतो, तर कुणाच्या कातडीत जंतूंची अक्षरशः दाटी होते. जंतू तोच, मग परिणाम इतका वेगळा का? या प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा करणारे एक नाव म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. १९२३ साली लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन ते परतले. पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळा आणि संशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली.

सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा तुकडा पाहून निदान लिहिले की विकृतितज्ज्ञाचे काम संपते, असा सर्वसाधारण समज. खानोलकरांचे काम तिथून सुरू होई. हा माणूस कुठला, काय खातो, काय ओढतो, काय नेसतो? १९४५ मध्ये त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह सवयींशी जोडलेल्या तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन केले. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा, बिहारमध्ये खैनी ओठाआड दाबून ठेवणाऱ्यांच्या खालच्या ओठाचा आणि धोतर वर्षानुवर्षे कमरेशी घट्ट आवळणाऱ्यांच्या त्वचेचा. कारण सवयीत असेल, तर आजार टाळताही येतो, हा त्यातला धडा. ते आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघटनेचे अध्यक्षही होते.

कुष्ठरोगातही त्यांनी अगदी सुरुवातीचे चट्टे तपासले आणि रोग मज्जातंतूंत कसा शिरतो याचा माग काढला. १९५२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले. तिथे डॉ. बापट आणि डॉ. कमल रणदिवे यांच्यासह त्यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळवलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे जाहीर केले. कुष्ठरोगाचा जंतू आजही कृत्रिम माध्यमात वाढत नाही. खानोलकरांचा जंतू त्याच्या जवळच्या दुसऱ्या कुळातला असल्याचे पुढे दिसले. तरी कष्ट वाया गेले नाहीत. त्याच जंतूपासून डॉ. म. गो. देव यांनी लस तयार केली आणि तमिळनाडूतील मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले.

ही लस शिकवते ती टी-पेशींना. खानोलकरांच्या कोड्याचे मोठे उत्तर याच पेशींत आहे. टी-पेशींचा प्रतिसाद जोरकस असेल तर रोग एखाद्या चट्ट्यापुरता राहतो. तो नसेल तर जंतू मोकाट वाढतात. शत्रू ओळखण्यासाठी प्रत्येक टी-पेशीवर एक ग्राही रेणू असतो. त्याची जनुके १९८४ मध्ये सापडली. खानोलकरांचे निधन २९ ऑक्टोबर १९७८ रोजी झाले होते; हे उत्तर पाहायला ते नव्हते.

या जनुकांची रचना वाकळीसारखी असते. तुकडे ठरलेलेच, पण प्रत्येक पेशी त्यांतले काही निवडून आपल्या पद्धतीने जोडते, म्हणून एकीचा ग्राही दुसरीसारखा नसतो. जंतुसंसर्गाने सुजलेल्या गाठीत साधारणपणे अनेक नमुन्यांच्या टी-पेशी मिळतात. कर्करोगात मात्र एकच पेशी बेसुमार वाढते आणि तोच तो नमुना हजारो वेळा दिसतो. ही खूण निदानाला मदत करते. उपचारानंतर रोग शिल्लक आहे का, तेही सांगते. अर्थात, एकट्या या तपासणीवर निदान होत नाही. बायोप्सी आणि लक्षणांची जोड लागतेच.

हीच खूण औषधाचा नेमही ठरू शकते. ग्राहीच्या एका भागासाठी टी-पेशी दोन जनुकांपैकी एकच वापरते. निरोगी टी-पेशींत दोन्ही गट असतात, कर्करोगी टी-पेशी मात्र सगळ्या एकाच गटातल्या. तेवढाच गट मारला, तर दुसऱ्या गटाच्या निरोगी पेशी संरक्षणासाठी उरतात. या उपचारांवर सध्या परदेशात चाचण्या चालू आहेत. वेगळ्या वाटेने, टी-पेशीवर कृत्रिम ग्राही बसवून बी-पेशींचा रक्तकर्करोग मारणाऱ्या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांचे हे काम. खानोलकरांची संशोधन संस्था पुढे याच सेंटरमध्ये सामावली गेली.

धाराशिवपासून हे सारे लांबचे वाटेल, पण तसे नाही. १९८७ पासून चालणाऱ्या बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत परंडा आणि भूम तालुक्यांतली गावे आहेत. धाराशिव जिल्ह्यातील १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांच्या सहभागाने झालेल्या अभ्यासाने २००९ मध्ये दाखवून दिले, की एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते. आजाराचे उत्तर आपल्याच माणसांत शोधायचे, ही खानोलकरांची रीत इथल्या गावांनी पुढे नेली.

या रीतीत रुग्णाचाही वाटा आहे. अंगावरचा फिकट किंवा लालसर चट्टा बधिर असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावा; कुष्ठरोगाचे औषध तिथे मोफत मिळते आणि लवकर घेतल्यास अपंगत्व टळते. मानेत, काखेत किंवा जांघेत आलेली गाठ तीन-चार आठवड्यांत गेली नाही, तर लेप लावत बसू नये. डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितला, तर नाही म्हणू नये. खूण कितीही नेमकी असली, तरी तपासायला तुकडा हवाच.