रंग गेले, रेघ उरली

सेकंड इयरला आल्यावर लक्षात येतं, की आपण भलत्याच ब्रँचला येऊन बसलोय. किंवा ज्या गोष्टीची प्रचंड आवड, नेमकी तीच आपल्याला जमत नाही. घरचे म्हणतात, आता निमूट पूर्ण कर. मित्र म्हणतात, सोडून दे. आणि तुम्ही मधल्यामध्ये लटकलेले. असं कधी झालं, तर लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आठवा. हे आडनाव तुम्ही शेतातल्या पंपावर, इंजिनावर वाचलं असेल. पण लक्ष्मणरावांच्या करिअरची सुरुवात झाली ती कुंचल्याने.

त्यांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं मन मात्र शाळेत रमेना. त्याला चित्रं काढायला आवडायचं आणि यंत्रांशी खटपट करायला. अशा मुलाचं पुढे काय होणार, हा प्रश्न तेव्हाच्या घरांनाही पडायचाच! पण थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षं चित्रकला शिकल्यावर एक गोष्ट उघड झाली. त्यांना अंशतः रंगांधत्व होतं. रंगांच्या छटा नीट ओळखताच येत नव्हत्या. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलासाठी हा केवढा धक्का असेल, कल्पना करा. मेहनत कमी पडली असती तर वाढवता आली असती. इथे डोळेच साथ देईनात.

अशा वेळी आपण काय करतो? एक तर जिद्दीने तेच रेटत राहतो, नाहीतर सगळंच गुंडाळून घरचा रस्ता धरतो. लक्ष्मणरावांनी वेगळा हिशेब मांडला. चित्रकलेतून रंग वजा केले, तर काय उरतं? रेघ उरते. प्रमाण उरतं. नजरेतली अचूकता उरते. आणि या तिन्हींची गरज असलेला विषय त्याच जे. जे.मध्ये होता, तो म्हणजे यंत्रांची रेखाटनं. लहानपणापासूनची यंत्रांची ओढ इथे कामाला आली. रंगांची पेटी बंद करून त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग हातात घेतलं.

त्याच विषयाच्या जोरावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची नोकरी मिळाली. शिकवता शिकवता तिथली यंत्रं त्यांनी हाताखालून घातली. इकडे बेळगावात रामूअण्णांसोबत सायकलींचं दुकानही सुरू झालं. आजच्या भाषेत साइड बिझनेस म्हणा. सायकल ही तेव्हा अपूर्वाईची चीज होती.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा ती लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. पगार चालू होता, काम आवडीचं होतं. कुढत कुढत आणखी वीस वर्षं काढणं सहज शक्य होतं. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. रिकाम्या हाताने नव्हे हं! भावाचं दुकान होतं आणि यंत्रांचं ज्ञान होतं. नोकरी सोडण्याच्या गोष्टी ऐकताना हा तपशील आपण नेहमी विसरतो.

बेळगावात त्यांनी कडबा कापायची यंत्रं बनवायला घेतली आणि मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमिनीत खोल जात नसे, म्हणून हा खटाटोप. पण लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! एखाद्या रीलला दोन तासांत लाइक आले नाहीत, तर आपला मूड जातो. लोकांना अक्कल नाही, असं म्हणून लक्ष्मणरावांना मोकळं होता आलं असतं. पण ज्याचं पोट जमिनीवर आहे, तो जमिनीबाबत धोका कसा पत्करेल? ते नांगर बनवत राहिले, दाखवत राहिले. हळूहळू खप सुरू झाला.

जरा जम बसतो न बसतो, तोच बेळगाव नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली. कारखाना हलवायचा, पण कुठे? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. हे राजे स्वतः चित्रकार होते, हा योगायोगही गमतीचा. त्यांनी दहा हजार रुपयांचं कर्ज आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंग आणि सापांचं माळरान! पुन्हा तोच प्रश्न: जे आहे, त्यातून काय उभं राहील? १९१०मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. कारखाना, कामगारांची घरं, आखीव वसाहत. लक्ष्मणरावांनी तिथे अस्पृश्यतेला थारा दिला नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. लोखंडाकडे पाहायची नजर त्यांनी माणसांकडे पाहतानाही वापरली. जगाने टाकाऊ ठरवलेल्यात कामाचं काय आहे, हे ते बघायचे. पुढे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं.

आता यातून, विचार बदला म्हणजे सगळं आपोआप होईल, असा सोपा अर्थ काढू नका. पाठीशी भाऊ नसता, राजांचं कर्ज नसतं, तर ही गोष्ट कदाचित वेगळी झाली असती. प्रत्येकाला असा रामूअण्णा मिळतोच असं नाही. पण मिळालेल्या मदतीचं काय करायचं, हे शेवटी आपल्या नजरेवरच ठरतं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. चित्रकार ते झालेच नाहीत. पण त्यांनी यंत्रांची जी रेखाटनं केली, त्यातून प्रत्यक्ष नांगर निघाले आणि जमिनीवर रेघा ओढत गेले. एका चित्र काढणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठा कॅनव्हास कुठे मिळणार?

तेव्हा ब्रँच चुकली असेल, लिस्टमध्ये नाव लागलं नसेल, तर आज रात्री एक कागद घ्या. जे हातातून गेलं, ते एका बाजूला लिहा. ते वजा केल्यावर काय उरतं, ते दुसऱ्या बाजूला. दुसरी यादी घाईत लिहू नका. ती सुचायला जरा वेळ लागतो.