दोन भिंगांची साक्षीदार

छायाचित्र टिपताना ज्यात मान खाली घालून पाहावे लागते, असा कॅमेरा आता फारसा कोणाच्या हाती दिसत नाही. रोलिफ्लेक्स हा त्या जातीतील सर्वांत नावाजलेला कॅमेरा. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील फ्रँके अँड हाइडेके कंपनीने तो १९२९ मध्ये बाजारात आणला. त्याच्या दर्शनी बाजूस एकाखाली एक अशी दोन भिंगे असतात. वरच्या भिंगातून आलेले दृश्य आतल्या तिरक्या आरशामुळे माथ्यावरील दुधी काचेवर उमटते आणि खालचे भिंग प्रत्यक्ष छायाचित्र घेते. याच जर्मन कॅमेऱ्याने नाझी राजवटीच्या क्रौर्याचे पुरावे जगापुढे मांडण्याचे काम एका अमेरिकन महिलेने केले. त्यांचे नाव ली मिलर.

न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी या गावी २३ एप्रिल १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील अभियंते आणि हौशी छायाचित्रकार. त्यामुळे कॅमेरा घरातच होता. मात्र लीची सुरुवात झाली ती कॅमेऱ्यासमोर. मॅनहॅटनच्या रस्त्यावर मोटारीखाली येता येता त्यांना एका गृहस्थाने मागे खेचले. ते ‘व्होग’ मासिकाचे प्रकाशक कोंडे नास्ट होते, अशी हकीकत सांगितली जाते. मार्च १९२७ च्या ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर लीचे चित्र झळकले आणि त्या नामांकित मॉडेल बनल्या.

केवळ पाहिले जाण्यात त्यांना समाधान नव्हते. रोलिफ्लेक्स बाजारात आला त्याच वर्षी, १९२९ मध्ये, त्या पॅरिसला गेल्या आणि प्रसिद्ध छायाचित्रकार मॅन रे यांच्याकडे शिकू लागल्या. पुढे न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा स्टुडिओ, इजिप्शियन उद्योजकाशी विवाह आणि कैरोतील वास्तव्य असे टप्पे घेत १९३९ मध्ये त्या ब्रिटिश चित्रकार रोलंड पेनरोज यांच्यासमवेत लंडनला आल्या. तेवढ्यात दुसरे महायुद्ध पेटले. मायदेशी परतण्याचा सल्ला झुगारून त्यांनी बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेले लंडन टिपायला प्रारंभ केला.

१९४२ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना युद्धवार्ताहर म्हणून मान्यता दिली. ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्समधील सेंट मालो शहरात त्या पोहोचल्या, तेव्हा लढाई संपलेली नव्हती. महिला वार्ताहरांना प्रत्यक्ष आघाडीवर जाण्यास मनाई असल्याने तेथील वार्तांकनाबद्दल त्यांना काही काळ नजरकैद भोगावी लागली. फॅशनच्या मासिकासाठी लिहिणारी ही बाई तरीही आघाडी सोडायला तयार नव्हती.

त्यांच्या रोलिफ्लेक्सचे भिंग बदलता येत नसे. दूरचे दृश्य जवळ ओढून घेण्याची सोय नाही. म्हणजे जे टिपायचे त्याच्या जवळ स्वतः जाणे भाग. एका रोलवर छायाचित्रे अवघी १२. ३० एप्रिल १९४५ रोजी, म्हणजे मुक्ततेच्या दुसऱ्याच दिवशी, त्या डाखाऊच्या छळछावणीत शिरल्या, तेव्हा त्यांच्यापाशी हाच कॅमेरा होता. प्रेतांनी भरलेले रेल्वेचे डबे आणि अस्थिपंजर झालेले कैदी त्यांनी जवळून टिपले. त्याच दिवशी म्युनिकमधील हिटलरच्या रिकाम्या घरात त्या गेल्या. तेथील न्हाणीघरात स्नान करणाऱ्या लीचे छायाचित्र सहकारी डेव्हिड शेरमन यांनी काढले. पायपुसण्यावर त्यांचे बूट आहेत आणि बुटांना डाखाऊचा चिखल आहे. त्याच दिवशी बर्लिनमध्ये हिटलरने आत्महत्या केली.

हे खरे वाटणार नाही, याची लीला धास्ती होती. म्हणून छायाचित्रांसोबत त्यांनी संपादकांना त्यांवर विश्वास ठेवण्याची कळकळीची विनंती केली. जून १९४५ च्या अमेरिकन ‘व्होग’ने ती छापली. युद्ध संपले तरी त्या थांबल्या नाहीत. व्हिएन्नातील रुग्णालयात औषधाअभावी प्राण सोडणारे बाळ त्यांनी टिपले.

पाहिलेले मात्र त्यांना विसरता आले नाही. १९४७ मध्ये पेनरोज यांच्याशी विवाह झाला, मुलगा झाला, १९४९ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात शेतावरचे घर घेतले. पण नैराश्य आणि मद्य यांनी त्यांना घेरले. हळूहळू कॅमेरा दूर ठेवून त्या स्वयंपाकात रमल्या. युद्धाविषयी कोणी विचारलेच, तर विषय टाळत. २१ जुलै १९७७ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा आईने युद्धात काय केले याची पुरेशी कल्पना पोटच्या मुलालाही नव्हती.

त्यानंतर सुनेला घराच्या माळ्यावर खोकी सापडली. छायाचित्रे, निगेटिव्ह आणि कागदपत्रे मिळून सुमारे ६० हजार वस्तू! त्यांत सेंट मालोच्या लढाईचे हस्तलिखितही होते. त्याच ठेव्याच्या आधारे मुलगा अँटनी पेनरोज यांनी १९८५ मध्ये आईचे चरित्र लिहिले आणि २०२३ मध्ये केट विन्स्लेट यांनी ‘ली’ या चित्रपटात त्यांची भूमिका साकारली. ज्या गोष्टी जगाने खऱ्या मानाव्यात म्हणून ली यांनी आटापिटा केला, त्याच त्यांनी स्वतःच्या घरात तीस वर्षे बंद खोक्यांत ठेवल्या होत्या. त्यांनी त्या जाळल्या नाहीत, एवढे मात्र खरे.