खासगी आणि दौलत

अहिल्याबाई होळकरांचे नाव निघाले की देवळे आठवतात. त्यांमागचा हिशेब मात्र सहसा आठवत नाही. १७२५ मध्ये चौंडीस जन्मलेल्या या बाईंना १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात वैधव्य आले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव निवर्तले. पुढे १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वराहून राज्यकारभार पाहिला.

काशीचा विश्वेश्वर, गयेचे विष्णुपद आणि सोमनाथ ही होळकरांच्या मुलखाबाहेरची क्षेत्रे. तेथील मंदिरे त्यांनी नव्याने बांधविली. परंतु त्यासाठी दौलतीच्या, म्हणजे राज्याच्या, तिजोरीला हात लावला नाही. सासू गौतमाबाईंकडून चालत आलेल्या ‘खासगी’च्या स्वतंत्र उत्पन्नातून हा खर्च झाला. देवळांबरोबर घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रेही आली. कारण यात्रेकरूला दर्शनाइतकीच पाण्याची व निवाऱ्याची गरज असते.

रयतेचा कर रयतेसाठी आणि धर्मकृत्य पदरच्या पैशाने, ही सीमारेषा त्यांनी स्वतःच आखून घेतली व पाळली. त्यांच्या देवळांपुढे हात जोडणाऱ्या प्रत्येक कारभाऱ्याने या हिशेबापुढेही क्षणभर थांबावे.