तलवारीच्या राज्यातील कारभारी

चंगीझखानाच्या घोडदळाने उत्तर चीन तुडविला, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. कुबलाईखानाच्या दरबाराचे वैभव मार्को पोलोमुळे सर्वतोमुखी झाले आहे. या दोन खानांच्या मधल्या काळात पराभूत चिनी माणसाला जेते नेमके काय समजत होते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. मंगोल सरदारांच्या लेखी तो गुरेढोरे नि रेशमाचे तागे यांच्याबरोबर वाटून घ्यावयाचा लुटीचा ऐवज होता. त्याला रयतेच्या पदवीपर्यंत आणण्याचे श्रेय मुख्यत्वे येलू चूत्साई या कारभाऱ्याकडे जाते.

येलू ना मंगोल होता, ना चिनी. ११९० च्या सुमारास जन्मलेला हा पुरुष खितान वंशाचा. त्याच्या पूर्वजांनी लिआओ घराण्याच्या नावाने उत्तर चीनवर राज्य केले होते. ११२५ मध्ये जुरचेनांनी ते बुडवून जिन घराण्याची सत्ता दृढ केली, आणि पुढे येलूचा पिता त्याच जिन दरबारात मोठ्या हुद्द्यावर चढला. पुत्राचे शिक्षण सर्वस्वी चिनी वळणाचे झाले. १२१५ मध्ये जिनांची राजधानी, म्हणजे आजचे बीजिंग, पडली तेव्हा तो तेथेच अधिकारी होता. तीन वर्षांनी चंगीझखानाने त्याला बोलावून घेतले आणि खितानांचा सूड आपण जिनांवर उगविल्याचे मोठ्या औदार्याने सांगितले. वाडवडिलांनी ज्यांची चाकरी केली त्या धन्याला आपण शत्रू कसे मानावे, असा येलूचा प्रतिप्रश्न होता. खानाला हे उत्तर आवडले. उंचापुरा, लांब दाढीचा हा विद्वान मग समरकंदपर्यंत छावणीबरोबर हिंडला. पण त्याचा उपयोग झाला तो बहुधा भविष्य वर्तविण्यापुरता.

खरी कसोटी लागली ती १२२९ मध्ये ओगोताई खान झाल्यावर. चिनी लोक आपल्या काही कामाचे नाहीत, त्यांना हटवून त्यांच्या शेतांची कुरणे करावीत, असा प्रस्ताव दरबारात मांडला गेला. पशुपालकाच्या दृष्टीने त्यात वावगे काहीच नव्हते. येलूने त्याला उत्तर दिले ते आकड्यांचे. जमीन, व्यापार, मीठ, मद्य आणि लोखंड यांवर रीतसर कर बसविला, तर वर्षाला चांदीचे ५ लाख तैल (एक तैल म्हणजे तीन तोळ्यांहून थोडे अधिक), रेशमाचे ८० हजार तागे आणि धान्याची ४ लाखांवर मापे मिळतील, असा हिशेब त्याने मांडला. १२३० मध्ये दहा प्रांतांत करकचेऱ्या उघडल्या. त्यांवर चिनी विद्वान नेमले गेले. पुढल्याच वर्षी चांदी व रेशीम ओगोताईसमोर येऊन पडले आणि येलू चिटणीसखान्याचा मुख्य झाला. निरपराधांचे रक्षण वसुलीच्या वहीच्या आडून करावे लागावे, हे कोणाला हीन वाटेल. पण त्या दरबारात दुसरी भाषा समजणारे फारसे कोणी नव्हते.

१२३३ मध्ये कायफेंग शरण आले तेव्हा हीच भाषा पुन्हा उपयोगी पडली. प्रतिकार करणाऱ्या नगराची कत्तल करावयाची, असा मंगोलांचा शिरस्ता. सेनापती सुबुताईने तशी परवानगी मागितली. माणसांवाचून जमीन घेऊन काय करणार, शिवाय राज्यातले उत्तम कारागीर याच शहरात गोळा झालेले आहेत, असे येलूने खानाला पटविले. शिक्षा जिन राजकुळापुरती ठरली. त्याच्या समाधिलेखाप्रमाणे आत आश्रयाला आलेले लोक १४ लाखांवर होते. तो लेख स्तुतिपर आहे, तेव्हा आकडा जपूनच घ्यावा; पण कत्तल टळली हे निश्चित.

मात्र येलूमुळे सारे निभावले, असे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. १२०७ च्या जिन गणनेत ७५ लाखांहून अधिक कुटुंबे होती. १२३५-३६ च्या मंगोल गणनेत ती २० लाखही भरली नाहीत. असंख्य माणसे मेली, कित्येक पळाली, आणि फार मोठी संख्या सरदारांच्या घरी गुलाम म्हणून दडपली गेली. १२३८ च्या सुमारास येलूने विद्वानांच्या परीक्षा घेविल्या त्या यासाठीच. गुलामांनाही बसण्याची मुभा होती आणि त्यांना लपविणाऱ्या धन्याला देहदंड होता. ४,०३० जण उत्तीर्ण झाले. त्यांतील चौथा हिस्सा बंधमुक्त झालेल्यांचा होता.

परंतु आकड्यांचे शस्त्र दुधारी असते. वसुली वाढत जाऊन ११ लाख तैलांवर गेली तेव्हा अब्दुर रहमान नावाचा व्यापारी पुढे आला आणि २२ लाख तैलांच्या बोलीवर त्याने साऱ्या उत्तर चीनचा मक्ता मागितला. कडक कायदे केले तर याहून दुप्पटही निघतील, पण मागे प्रजा उरणार नाही, असे येलूने अश्रू ढाळीत विनविले. उत्पन्नाच्या आशेनेच चिनी रयतेला अभय देणाऱ्या ओगोताईला दुप्पट उत्पन्न नाकारण्याचे कारण दिसले नाही. १२३९ मध्ये मक्ता दिला गेला. मक्तेदाराची माणसे गावोगाव फिरू लागली, आणि कर भरण्यासाठी रयत जबर व्याजाच्या कर्जात बुडू लागली.

१२४१ मध्ये ओगोताई मद्यपानाच्या अतिरेकाने मरण पावला. राज्यकारभार पाहणाऱ्या तोरेगेने राणीने शिक्का मारलेले कोरे कागद अब्दुर रहमानच्या स्वाधीन केले. मजकूर त्याने मनास येईल तसा भरावा. हुकूम लिहून न घेणाऱ्या लेखकांचे हात तोडण्याची धमकी होती. येलूने तो हुकूम मानला नाही. त्याला हात लावण्याचे धाडस राणीने केले नाही, परंतु त्याचा सल्लाही कोणी विचारीनासे झाले. १२४३ च्या सुमारास, पन्नाशी नुकतीच उलटलेली असताना, तो वारला.

साम्राज्याची निम्मी वसुली त्याने घरात भरली, असा आरोप लगेच झाला. राणीने झडती घेण्यास माणसे धाडली. त्यांना सापडली दहा-बारा तंतुवाद्ये आणि काही हजार ग्रंथ, चित्रे व जुन्या शिलालेखांचे ठसे. अब्दुर रहमानला नव्या खानाने, गुयुकने, १२४६ मध्ये ठार करविले.