नाव, घर आणि पत्र : बाबासाहेबांच्या आयुष्यातील खासगीपणाचा हक्क

दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी 15 ऑक्टोबर 1902 रोजी भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म झाला. नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे प्रमुख संघटक आणि पुढे भूमिहीनांच्या लढ्याचे नेते म्हणून महाराष्ट्र त्यांना कर्मवीर दादासाहेब गायकवाड या नावाने ओळखतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या या विश्वासू सहकाऱ्याला अनेक वर्षे पत्रे लिहिली आणि दादासाहेबांनी ती जिवापाड जपली. आज ती ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. चळवळीचे डावपेच, निवडणुकीचे बेत, पैशांची चणचण असे कितीतरी विषय त्यांत येतात. ती लिहिली गेली तेव्हा मात्र एकाच माणसाने वाचावीत, एवढाच त्यांचा हेतू होता.

पत्र ज्याच्यासाठी लिहिले त्यानेच ते वाचावे, ही अपेक्षा साधी आहे. पण त्या काळी तिला कायद्याचे पक्के संरक्षण नव्हते. 1885 च्या तार कायद्याने आणि 1898 च्या टपाल कायद्याने सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाखाली तार किंवा टपाल अडविण्याचा अधिकार सरकारला दिला होता. आज पत्राची जागा मोबाईलवरील संदेशाने घेतली आहे. आपला संदेश कोण वाचतो, आपली माहिती कोणाकडे जाते, आपले नाव-गाव विचारण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न आता प्रत्येक घरात शिरले आहेत. घटनेचे शिल्पकार, अर्थतज्ज्ञ, समाजक्रांतिकारक अशा अनेक रूपांनी आपण बाबासाहेबांना ओळखतो. खासगीपणाच्या हक्काशी त्यांचे नाव सहसा जोडले जात नाही. त्यांचे आयुष्य या बाजूने पाहिले, तर मात्र हा प्रश्न त्यात बालपणापासून उभा असलेला दिसतो.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. रामजी निवृत्त झाल्यानंतर कुटुंब साताऱ्यास आले. 1901 च्या सुमारास रामजी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे नोकरीला होते. त्यांना भेटण्यासाठी भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले अशी सारी मंडळी आगगाडीने निघाली. मुलांनी आगाऊ पत्र पाठविले होते, पण नोकराच्या विसराळूपणामुळे ते वडिलांच्या हाती पडलेच नाही. मसूर स्थानकावर उतरल्यावर त्यांना न्यायला कोणी आलेले नव्हते.

नीटनेटके कपडे घातलेली ही मुले पाहून स्टेशनमास्तर आस्थेने जवळ आले आणि त्यांनी चौकशी केली. आपण महार आहोत, असे लहानग्या भीमरावाच्या तोंडून निघून गेले आणि त्या गृहस्थांचा चेहरा क्षणात पालटला. दुप्पट भाडे देऊ केले तरी एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी, की मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. वाटेत जकातनाक्यावर पाणी मिळावे म्हणून आपण मुसलमान असल्याचे सांगा, असा सल्ला त्या गाडीवानाने दिला. भीमरावाने उर्दूत बोलून पाहिले, तरी पाणी मिळाले नाही. आपल्याविषयीची एकच माहिती समोरच्याच्या हाती पडली, की माणसाची किंमत कशी बदलते, हा धडा त्या वयात मिळाला.

1907 मध्ये भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले आणि 1912 मध्ये बी. ए. पुढच्याच वर्षी बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथून ते 1916 मध्ये लंडनला गेले. परदेशातील त्या वर्षांत त्यांना कोणी जात विचारली नाही. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच तेथे पुसून गेली होती, अशा आशयाची नोंद त्यांनी पुढे आपल्या आठवणींत केली. शिष्यवृत्तीच्या करारानुसार 1917 मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत रुजू होण्यासाठी परतले आणि ती जाणीव पहिल्याच दिवशी परत आली. राहायचे कोठे, हा प्रश्न होता.

हिंदू खाणावळीत जागा मिळणे शक्य नव्हते. एका पारशी वसतिगृहाचा रखवालदार पैशांच्या आशेने त्यांना ठेवून घ्यायला तयार झाला, पण तेथे केवळ पारशांनाच प्रवेश होता. तेव्हा नोंदवहीत पारशी नाव लिहायचे ठरले. कोलंबिया विद्यापीठातून पदवी घेऊन आलेला विद्वान खोट्या नावाने, जुनाट सामानाच्या अडगळीत, एकट्याने दिवस काढू लागला. अकराव्या दिवशी सकाळी हाती लाठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावर चढून आले. त्यांनी जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करण्याची ताकीद दिली. ओळखीच्या एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राकडेही आसरा मिळाला नाही. सार्वजनिक बागेत काही तास काढून आंबेडकर रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाले.

या प्रसंगाकडे आपण सामाजिक अन्यायाचा पुरावा म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. निवाऱ्यासाठी ओळख देण्याची सक्ती होती, ती ओळख नोंदवहीत उतरविली जात होती आणि खरी ओळख उघड होताच निवारा जात होता. ज्याच्यापाशी प्रतिष्ठा, पैसा आणि जात आहे, त्याला आपली माहिती झाकण्याची गरज सहसा पडत नाही. ज्याच्याविरुद्ध ती माहिती वापरली जाते, त्याच्या दृष्टीने मात्र खासगीपणा ही चैन नसते. डोक्यावरचे छप्पर टिकणे न टिकणे त्यावर ठरते.

म्हणून बाबासाहेबांनी जात लपविण्याचा मार्ग पत्करला असता तर नवल वाटले नसते. त्यांनी नेमके उलट केले. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले, 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारोंच्या साक्षीने त्यांनी प्राशन केले आणि 2 मार्च 1930 पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ओळख उघडपणे सांगूनही माणसाला समान वागणूक मिळाली पाहिजे, असा हा आग्रह होता.

महाडच्या लढ्यात खासगी या शब्दाची दुसरी बाजूही पुढे आली. तळे सार्वजनिक नसून आपल्या खासगी मालकीचे आहे, असा दावा सवर्ण मंडळींनी न्यायालयात केला. हा वाद दहा वर्षे चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. समूहाची मक्तेदारी झाकण्यासाठी खासगीपणाची ढाल कशी वापरली जाते, हे बाबासाहेबांनी असे जवळून पाहिले होते. पुढे घटना समितीत 4 नोव्हेंबर 1948 रोजी मसुदा मांडताना, गावाला नव्हे तर व्यक्तीला घटक मानल्याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. त्यांच्या विचारात संरक्षण मिळायचे ते व्यक्तीला. जातीच्या वा गावाच्या दंडेलीला त्यात जागा नव्हती.

माहिती मागण्याला त्यांचा सरसकट विरोध होता, असेही नाही. 1932 मध्ये लोथियन समितीचे सदस्य असताना अस्पृश्यांची संख्या किती, हा वाद पेटला होता. संख्या कमी दाखविली तर प्रतिनिधित्व कमी होणार, हे ओळखून त्यांनी खऱ्या आकड्यांचा आग्रह धरला. हक्क देण्यासाठी जातीची नोंद करणे आणि खोलीतून बाहेर काढण्यासाठी जात विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न कोण विचारतो आणि उत्तराचे पुढे काय करतो, यावर सारे अवलंबून असते.

दरम्यान सरकारचा डोळा त्यांच्यावर होताच. त्यांच्या सभा, भाषणे आणि चळवळीच्या हालचाली यांची टिपणे मुंबई इलाख्याचे पोलिस ठेवीत असत. महाराष्ट्र शासनाने 1982 मध्ये प्रसिद्ध केलेल्या साधनग्रंथात या गोपनीय अहवालांतील नोंदी वाचायला मिळतात. आज त्या इतिहासाची साधने झाल्या आहेत. ज्यांच्याविषयी त्या लिहिल्या गेल्या, त्यांना तेव्हा त्याचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. दादासाहेबांना जाणारी पत्रे याच वातावरणात लिहिली गेली. 1934 मधील अशाच एका पत्रात, मंदिरप्रवेशावर शक्ती खर्च करण्याऐवजी शिक्षण आणि राजकारण यांकडे वळावे, असा सल्ला बाबासाहेबांनी त्यांना दिला. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याच्या परिषदेत त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. हे येवले आज दिंडोरी लोकसभा मतदारसंघात मोडते.

स्वातंत्र्य दाराशी आले तेव्हा या अनुभवांना कायद्याचे रूप देण्याची संधी मिळाली. मार्च 1947 मध्ये मूलभूत हक्क उपसमितीसमोर बाबासाहेबांनी आपला मसुदा ठेवला. व्यक्तीचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे आणि सबळ कारणाविना वॉरंट निघू नये, असे कलम त्यात होते. कन्हैयालाल मुनशी यांच्या मसुद्यात पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचाही समावेश होता. उपसमितीने ही कल्पना स्वीकारली. परंतु अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी गुन्ह्यांच्या तपासात अडथळा येईल, अशी शंका घेतली आणि सल्लागार समितीत ती तरतूद गळाली.

डिसेंबर 1948 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटना समितीत तशाच आशयाची दुरुस्ती मांडली. असे संरक्षण फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, तरी कायदेमंडळाला ते सहज काढून घेता येऊ नये म्हणून घटनेत असणे इष्ट, असे मत देऊन बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखविली. तरीही सभागृहाने अखेर दुरुस्ती फेटाळली. 26 नोव्हेंबर 1949 रोजी घटना स्वीकारली गेली, ती खासगीपणाच्या स्पष्ट उल्लेखाविनाच.

सप्टेंबर 1951 मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. जन्माने लादलेली ओळख नाकारून स्वतः निवडलेली ओळख धारण करण्याचा तो क्षण होता. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

गळलेल्या कलमाची किंमत पुढे मोजावी लागली. घटनेत असा हक्कच नाही, हा युक्तिवाद सरकारांनी न्यायालयात अनेकदा केला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 आणि 1962 मधील निकालांचा त्यांना आधार होता. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आणि जुन्या निकालांतील विरोधी भाग रद्द ठरविला. ज्या वादातून हा निकाल आला तो आधारचा होता. देशातील पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात वाटले गेले होते, हे महाराष्ट्राने विसरू नये. 2018 च्या निकालाने आधार योजना वैध ठरविली, मात्र खासगी कंपन्यांना आधारची सक्ती करू देणारी तरतूद रद्द केली.

त्यानंतर कायदे बदलले. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. 2019 च्या विधेयकात जात व जमातीची माहिती संवेदनशील मानून तिला अधिक संरक्षण देण्याची तरतूद होती. संमत झालेल्या कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. टपाल आणि तार यांचे वसाहतकालीन कायदे जाऊन 2023 चे नवे कायदे आले, पण संदेश अडविण्याचा सरकारी अधिकार त्यांतही कायम आहे. 2027 च्या जनगणनेत जातींची नोंद होईल आणि ती डिजिटल पद्धतीने होईल, असे केंद्र सरकारने 2025 मध्ये जाहीर केले. लोथियन समितीच्या काळातील प्रश्न अशा रीतीने नव्या यंत्रांसह परत आला आहे. ही नोंद हक्कांसाठी आवश्यक आहे आणि ती भलत्या हाती पडू नये, हेही तितकेच आवश्यक आहे.

दिंडोरीच्या रास्तभाव दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवणाऱ्या मजुराला किंवा नाशिक-पुण्यात भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारले जाणाऱ्या तरुणाला घटनेतील कलमे पाठ नसतात. खोलीसाठी नाव बदलावे लागणे म्हणजे काय, हे मात्र त्या तरुणाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. बडोद्याच्या त्या वसतिगृहातील नोंदवही आता संगणकात गेली आहे आणि तिच्या प्रती किती ठिकाणी आहेत, हे तिच्यात नाव असलेल्यालाही ठाऊक नसते. 1947 च्या मसुद्यात बाबासाहेबांनी घर आणि कागदपत्रे यांना जे संरक्षण मागितले होते, त्याची गरज म्हणूनच कमी झालेली नाही. उलट, ज्यांच्याविरुद्ध माहिती वापरली जाण्याचा धोका सर्वाधिक, त्यांच्यापासून या हक्काची अंमलबजावणी सुरू झाली पाहिजे.