अमेरिकेच्या पहिल्या महिला खासदार. युद्धाविरोधात एकटीने मत देणाऱ्या जेनेट रँकिन कोण होत्या?

३८८ विरुद्ध १. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या ठरावावर मतदान झाले, त्याचा हा निकाल. आदल्याच दिवशी पर्ल हार्बरवर हल्ला झाला होता आणि देश संतापला होता. तरीही विरोधात एक मत पडले. ते होते जेनेट रँकिन यांचे.

मताधिकाराआधीच खासदार

रँकिन यांचा जन्म ११ जून १८८० रोजी मोंटानातील मिसूलाजवळ झाला. जीवशास्त्रात पदवी घेतल्यानंतर त्या महिलांच्या मताधिकाराच्या चळवळीत उतरल्या. मोंटानातील महिलांना १९१४ मध्ये हा अधिकार मिळाला आणि १९१६ मध्ये रँकिन रिपब्लिकन पक्षाकडून निवडून आल्या. अमेरिकी काँग्रेसमधील त्या पहिल्या महिला. विशेष म्हणजे तेव्हा अनेक राज्यांत महिलांना मतदानाचा हक्कच नव्हता. १९वी घटनादुरुस्ती लागू झाली ती थेट १९२० मध्ये.

पहिला नकार

शपथ घेऊन आठवडाही झाला नव्हता, तोच एप्रिल १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरण्याचा ठराव आला. युद्धाला विरोध केला तर महिला राजकारणासाठी कणखर नाहीत, असे म्हटले जाईल आणि मताधिकाराची लढाई मागे पडेल, अशी धास्ती चळवळीतील काही नेत्यांना होती. रँकिन यांनी तरीही विरोधात मत दिले. तेव्हा त्यांच्यासह ५० सदस्य विरोधात होते. १९१८ मध्ये त्यांनी सिनेटची निवडणूक लढवली, पण पराभव पत्करावा लागला.

दुसऱ्यांदा एकट्या

तब्बल दोन दशकांनी, १९४० मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या. यावेळी मात्र विरोधात सोबत कोणीच नव्हते. मतदानानंतर संतप्त गर्दीपासून वाचण्यासाठी त्यांना टेलिफोन बूथमध्ये आसरा घ्यावा लागला. अखेर पोलिसांनी त्यांना कार्यालयात पोहोचवले. १९४२ मध्ये त्या पुन्हा निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत.

भारताशी नाते

पद गेले, भूमिका बदलली नाही. गांधीजींच्या अहिंसेच्या विचारांनी प्रभावित झालेल्या रँकिन पुढे अनेकदा भारतात आल्या. जानेवारी १९६८ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी, त्यांनी व्हिएतनाम युद्धाविरोधात वॉशिंग्टनमध्ये हजारो महिलांच्या मोर्चाचे नेतृत्व केले. १८ मे १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या संसदेत त्या एकट्या पडल्या, त्याच कॅपिटॉल इमारतीत आज मोंटानाच्या वतीने त्यांचा पुतळा उभा आहे.