पावसाशी भांडणारी कवयित्री : इंदिरा संत

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की हिंडलगा आणि सुळगा मागे पडतात आणि उचगावचा फाटा येतो. आंबोलीमार्गे बेळगावला ये-जा करणाऱ्या गोमंतकीयांना ही वाट परिचित आहे. जुलै महिन्यात या पट्ट्यात पाऊस दिवसचे दिवस मुक्काम ठोकतो. भाताची खाचरे तुडुंब भरतात, रताळ्यांचे वेल मातीवर पसरू लागतात आणि जुन्या कौलारू घरात एखादे कौल सरकलेले असेल, तर नेमका चुलीजवळच थेंब गळू लागतो. घरातली बाई गळतीखाली पातेले सरकवते आणि पावसाच्या नावाने बोटे मोडते. ज्याच्यावाचून शेत पिकायचे नाही, त्याच्यावरच ती रागावते. तिचा राग खरा असतो. मात्र तो खरोखर पावसावरच असतो का, याचा विचार करायला तिला सवड नसते.

या भागातल्या एका कवयित्रीने तो विचार केला. इंदिरा संत हे त्यांचे नाव. १३ जुलै ही त्यांची पुण्यतिथी. १३ जुलै २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आयुष्याचा मोठा भाग बेळगावात काढलेल्या या कवयित्रीने भर पावसाळ्यात निरोप घ्यावा, हा योगायोग त्यांच्या वाचकांना दरवर्षी जाणवतो.

इंदिराबाईंचा जन्म ४ जानेवारी १९१४ रोजी विजापूर जिल्ह्यातील इंडी येथे झाला. माहेरचे आडनाव दीक्षित, आणि गाव निपाणीजवळचे तवंदी. पुणे-बंगळूर महामार्गावरून जाणाऱ्यांना तवंदीचा घाट ठाऊक असतो. त्या डोंगराळ मुलखातली माती, झाडे, पाऊस, वारा आणि बायकांच्या तोंडच्या ओव्या लहानपणी मनात रुजल्या आणि पुढे आयुष्यभर त्यांच्या लेखनातून उगवत राहिल्या. शिक्षणासाठी त्या कोल्हापूरला आणि पुढे पुण्याला गेल्या. महाविद्यालयीन दिवसांत ना. मा. संत यांचा परिचय झाला, परिचयाचे रूपांतर विवाहात झाले आणि दोघांचा संसार बेळगावात उभा राहिला. ना. मा. संत स्वतः कवी आणि लघुनिबंधकार होते. ‘उघडे लिफाफे’ हा त्यांचा लघुनिबंधसंग्रह जाणकारांच्या आजही स्मरणात आहे. दोघांच्या कविता ‘सहवास’ या नावाने एकाच पुस्तकात प्रसिद्ध झाल्या. दोन कवींनी एका छताखाली राहून एकत्र कवितासंग्रह काढावा, ही त्या काळी अपूर्वाईची गोष्ट होती.

हा सहवास फार टिकला नाही. १९४६ मध्ये ना. मा. संत यांचे अकाली निधन झाले. इंदिराबाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या आणि पदरात तीन मुले होती. त्या काळच्या समाजाने विधवेला रडण्याची मुभा दिली होती, रागावण्याची दिली नव्हती. दैवावर, आप्तेष्टांवर किंवा अर्ध्या वाटेवर सोडून गेलेल्या माणसावर चिडणे हे अभद्र मानले जाई. आलेला राग गिळायचा आणि सोशीक म्हणवून घ्यायचे, एवढाच मार्ग बहुतेक स्त्रियांना ठाऊक होता. इंदिराबाईंनी नोकरी धरली. अध्यापिका म्हणून काम केले आणि पुढे बेळगावच्या प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्यपदापर्यंत त्या पोहोचल्या. मुले वाढवली, शिक्षिका घडवल्या आणि कविता लिहिणे चालू ठेवले.

पतीच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९५१ मध्ये ‘शेला’ प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९५५ मध्ये ‘मेंदी’, १९५७ मध्ये ‘मृगजळ’ आणि १९६४ मध्ये ‘रंगबावरी’ असे संग्रह येत राहिले. त्यांतल्या कितीतरी कवितांच्या मुळाशी एकच विरह आहे. एवढे दुःख असूनही त्यात आक्रोश नाही. वाचकाची कीव मागणारी ओळ शोधूनही सापडत नाही. याचा अर्थ त्यांनी भावना दाबून टाकल्या असा कोणी लावील, तर तो चुकीचा ठरेल. मनात जे उठले ते त्यांनी समोर ठेवले, त्याच्याकडे टक लावून पाहिले आणि ते आपल्याबद्दल काय सांगते, हे नीट ऐकून घेतले.

पावसाला उद्देशून लिहिलेली त्यांची कविता अनेकांना शाळेच्या पुस्तकात भेटली असेल. त्या कवितेतील स्त्री पावसाला चांगलीच दटावते. घर गळके आहे, गळती झेलायला पुरेशी भांडी नाहीत, दारातली नाजूक वेल मोडेल, अंगावरचे जुने लुगडे भिजेल, अशी एकेक तक्रार ती त्याच्यापुढे मांडते. धसमुसळ्या पोराला आई रागे भरते, तसा तिचा सूर आहे. इथपर्यंत ती कविता गरिबीची आणि वैतागाची वाटते. पुढे मात्र ती अचानक वळण घेते. तिचा सखा वाटेवर आहे, दूर चालला आहे. पावसाने धावत जाऊन त्याची वाट अडवावी आणि त्याला परत आणावे, असे ती विनवते. तेवढे केलेस तर मग कितीही धुडगूस घाल, मी अवाक्षर काढणार नाही, असा सौदाच ती पावसाशी करते.

म्हणजे राग गळक्या छपराचा नव्हताच. भांडी, वेल, लुगडे ही सारी वरवरची कारणे होती. खाली होती ती निघून जाणाऱ्या माणसाची ओढ. भांडता भांडता त्या स्त्रीला स्वतःचे मन सापडते. आरंभीच कोणी तिला गप्प बसवले असते, तर तिला ते कळलेच नसते. ती नुसती चिडतच राहिली असती, तरीही कळले नसते. राग बोलू दिला आणि तो बोलत असताना त्याचे नीट ऐकलेही, म्हणून तो तिला योग्य ठिकाणी घेऊन गेला.

‘कुब्जा’ ही त्यांची आणखी एक गाजलेली कविता. कृष्णकथेत राधेचे स्थान सर्वांना ठाऊक आहे. कुबड्या, कुरूप कुब्जेला मात्र कोणी खिजगणतीत धरत नाही. असे पात्र हाती आल्यावर मत्सर किंवा कडवटपणा रंगवणे सोपे होते. इंदिराबाईंनी तिला पहाटेच्या शांततेत नदीकाठी एकटी उभी केली. सारे जग निजलेले असताना बासरीचा सूर तिच्या कानी येतो आणि हा सूर आपल्यासाठीच आहे, याची तिला खात्री पटते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते. राधेशी बरोबरी करण्याची गरज तिला उरत नाही. आपण नाकारले गेलो हे दुःख तिच्यापाशी आहेच, पण त्या दुःखातूनच आपलेही काही स्वतंत्र स्थान आहे, हे तिला उमगते.

पुढे ‘मालनगाथा’च्या निमित्ताने इंदिराबाई जात्यावरच्या ओव्यांकडे वळल्या. हे वळण स्वाभाविक होते. कवितेत त्यांनी जे केले, ते खेड्यापाड्यातल्या निरक्षर बाया पिढ्यान्‌पिढ्या जात्यावर करीत आल्या होत्या. उजाडण्यापूर्वी घर झोपलेले असे आणि जात्याची घरघर चालू असे. त्या घरघरीत सासूचा जाच, नवऱ्याची बेपर्वाई, माहेरची ओढ, भावाबद्दलचे कौतुक आणि रुसवा हे सारे ओवीत उतरे. दिवसा जे बोलायची सोय नव्हती, ते पहाटे गाता येई. गाणारी स्वतःच ऐकणारीही असे. उचगावच्या परिसरात आणि आपल्या गोव्यातही ज्यांनी आजीच्या तोंडून ओव्या ऐकल्या आहेत, त्यांना पीठ आणि शब्द एकाच वेळी बाहेर पडण्याची ही रीत नव्याने सांगायला नको.

सीमाभागाला रागाची ओळख आहे. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. आपल्या भाषेच्या राज्याबाहेर राहिल्याचा सल इथल्या मराठी माणसाने दशकानुदशके जपला. त्या सलाची घोषणा झाली, मोर्चे झाले. त्यातूनच भाषेवरची मायाही घट्ट झाली. उचगावासारख्या गावात भरणारे मराठी साहित्य संमेलन हे त्या मायेचेच रूप आहे. याच बेळगावात इंदिराबाई शांतपणे मराठी कविता लिहीत राहिल्या.

मानसन्मान आले, तसे डावलले जाणेही वाट्याला आले. ‘गर्भरेशीम’ या संग्रहाला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर १९९२ च्या कोल्हापूर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत विनोदी लेखक रमेश मंत्री यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. या निकालाने अनेक रसिक संतापले आणि संमेलनाध्यक्ष निवडण्याच्या पद्धतीवर टीका झाली. आजही तो विषय निघाला की या निवडणुकीचा दाखला दिला जातो. इंदिराबाईंची ओळख मात्र त्या मतमोजणीवर अवलंबून नव्हती. १९९५ मध्ये त्यांना जनस्थान पुरस्काराने गौरवण्यात आले. वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावरही त्यांचे लेखन थांबले नव्हते.

शाळेत असताना ती पावसाची कविता आम्ही वर्गात चालीवर म्हणत असू. तेव्हा ती केवळ पावसाची वाटे. पुढे पदवीच्या वर्गात ती पुन्हा समोर आली, तेव्हा आमची आई आठवली. जुलैच्या रात्री बाबांना यायला उशीर झाला की ती भांड्यांची आदळआपट करी, पावसाला शिव्या घाली, आम्हा भावंडांवर विनाकारण खेकसे. फाटकाशी स्कूटरचा आवाज आला की आदळआपट थांबे, आणि चहाचे आधण चढे. पाऊस तेवढाच कोसळत असे, पण त्याच्याविषयी मग कोणी काही बोलत नसे.

आईने इंदिरा संतांचे नावही कदाचित ऐकले नसेल. तिच्या त्या रागाचा अर्थ मात्र आम्हाला इंदिराबाईंनी सांगितला.